अमेरिकेतल्या पहिल्या वसाहतकारांपर्यंत वंशावळ नेताना: एकेक दुवा पुराव्यानं कसा जोडायचा

सुनेच्या किंवा जावयाच्या घराण्याची मुळं सतराव्या शतकातल्या मॅसॅच्युसेट्समध्ये किंवा व्हर्जिनियात आहेत असं ऐकिवात असतं. नातवंडांसाठी दोन्ही बाजूंची वंशावळ तयार करायची म्हणून कोणी संगणकावर बसतं आणि संध्याकाळपर्यंत बारा पिढ्यांची नावं हाती येतात. त्यातल्या पाचव्या पिढीत मुलाचा जन्म आईच्या आधी तीन वर्षं झालेला असतो आणि सातव्या पिढीत एकच माणूस दोन काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा विभाग) मेलेला असतो.

चूक नेहमी एकच असते. नावं जुळवली जातात, नाती सिद्ध केली जात नाहीत. वंशावळीत नाव ही गोष्ट दुय्यम. ‘हा त्याचा मुलगा’ असं ज्या कागदावरून ठरतं तो कागद मुख्य. खालचा क्रम त्या हिशेबानं लावला आहे. उदाहरणासाठी अब्राहम लिंकनचं घराणं घेतलं आहे, कारण त्यातली प्रत्येक पिढी नव्या जागी सरकली आणि शोधणाऱ्याला अडवणारे जवळजवळ सगळे खड्डे त्या एका वाटेवर भेटतात.

टप्पा १. बसण्याआधीची तयारी

एक वही किंवा स्प्रेडशीट घ्या आणि चार रकाने करा: काय शोधलं, कुठे शोधलं (कोणत्या वर्षांची कोणती नोंदवही), काय सापडलं, काय सापडलं नाही. शेवटचा रकाना लोक गाळतात आणि सहा महिन्यांनी तेच दप्तर पुन्हा उघडून बसतात.

मग घरातले कागद गोळा करा. कौटुंबिक बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्म, लग्न, मृत्यू लिहिण्याची पद्धत होती, त्यामुळे बायबल असेल तर आधी त्याच्या छपाईचं वर्ष पाहा. बायबल १८४० मध्ये छापलेलं आणि त्यात १७७० पासूनचे जन्म एकाच शाईत, एकाच हातानं लिहिलेले असतील, तर ती त्या वेळची नोंद नाही. आठवणीनं नंतर उतरवलेली यादी आहे. उपयोगी आहे, पण तिची किंमत कमी धरा.

घरातली सर्वांत म्हातारी व्यक्ती जे सांगेल ते तिच्या शब्दांत लिहून घ्या, दुरुस्त न करता. लिंकननं १८५९ मध्ये स्वतःबद्दल लिहिताना सांगितलं की आजोबा १७८१-८२ च्या सुमारास व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम काउंटीतून केंटकीत आले, वर्षा-दोन वर्षांत मारले गेले आणि त्याआधीचे पूर्वज पेनसिल्व्हेनियातल्या बर्क्स काउंटीतले. जागा बरोबर होत्या. मृत्यूचं साल चुकलं होतं. आजोबा १७८६ मध्ये मारले गेले. घरच्या आठवणीत जागा टिकतात, साल सरकतं.

टप्पा २. नावं वाचण्याची सवय बदला

मराठी माणूस इथे हमखास फसतो. मधलं नाव वडिलांचं नाही. ते बऱ्याचदा आईचं माहेरचं आडनाव असतं, कधी आजोबांचं, कधी एखाद्या राष्ट्राध्यक्षाचं. अठराव्या शतकाच्या मध्याआधीच्या इंग्रजी वसाहतकाराला मधलं नाव असणंच दुर्मीळ. १६६० च्या माणसाला वंशावळीत झोकदार मधलं नाव दिसलं की ते कोणीतरी नंतर चिकटवलं असं समजा.

‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ म्हणजे बाप-लेकच असं नाही. एका गावात एकाच नावाचे दोघे असले की थोरला सीनियर, धाकटा ज्युनियर. मग ते काका-पुतण्या असोत की परके. थोरला वारला की ज्युनियर सीनियर होतो आणि तिसरा कोणी ज्युनियर बनतो. म्हणजे वेगवेगळ्या वर्षांतला ‘ज्युनियर’ वेगवेगळा माणूस असू शकतो.

नात्यांचे शब्दही सैल होते. आपल्याकडे मावसभाऊ, आतेभाऊ, चुलतभाऊ असा नेमका हिशेब असतो. तिकडच्या जुन्या मृत्युपत्रातला ‘कझिन’ पुतण्या किंवा भाचाही असतो. ‘सन-इन-लॉ’ हा जावई किंवा सावत्र मुलगा, ‘ब्रदर’ हा मेहुणा किंवा चर्चमधला बांधव. ‘माझी आत्ताची बायको’ असं मृत्युपत्रात आलं म्हणून आधीची एखादी होतीच असं ठरत नाही.

घरगुती नावांचा तक्ता जवळ ठेवा: पॉली म्हणजे मेरी, पॅट्सी म्हणजे मार्था, सॅली म्हणजे सारा, पेगी म्हणजे मार्गारेट, नॅन्सी हे बऱ्याचदा ॲन. मेरी आणि पॉली अशा दोन बायका समजून एका बाईला दोनदा लग्न लावून दिलेल्या वंशावळी कमी नाहीत. जर्मन घराण्यांत सगळ्या भावांचं पहिलं नाव योहान असू शकतं. हाक मारायचं नाव दुसरं. न्यू नेदरलँडच्या (आजच्या न्यूयॉर्क भागातल्या डच वसाहतीच्या) डच घराण्यांत सुरुवातीला आडनावाऐवजी वडिलांचं नाव लावत, मात्र डच चर्चच्या दप्तरांत बायका माहेरच्या नावानं नोंदल्या जात. शोधणाऱ्याला ते वरदानच आहे.

टप्पा ३. आजपासून १८५० पर्यंत: पायरी न चुकवता मागे

पहिल्या वसाहतकारापासून खाली यायचं नाही. आजच्या माणसापासून एकेक पिढी मागे जायचं.

अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना झाली. वैयक्तिक नोंदी ७२ वर्षांनी खुल्या होतात, म्हणून १९५० पर्यंतच्या आज पाहता येतात. मागे जाताना प्रत्येक वर्षीच्या तक्त्यात काय मिळतं ते लक्षात ठेवा:

- १९००: जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला किती वर्षं झाली, बाईला किती मुलं झाली आणि त्यातली किती हयात.
- १८९०: जवळजवळ काहीच नाही. १९२१ च्या आगीनंतर बहुतेक कागद गेले.
- १८८०: कुटुंबप्रमुखाशी नातं आणि आईवडिलांचं जन्मस्थान.
- १८५० ते १८७०: घरातल्या प्रत्येकाचं नाव, पण नातं नाही.
- १७९० ते १८४०: फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीचे वयोगटांतले आकडे.

१८५० च्या तक्त्यात एका घरात पस्तिशीचा पुरुष, तिशीची बाई आणि चार मुलं दिसली की लोक ‘आईवडील आणि मुलं’ लिहून मोकळे होतात. ती बाई दुसरी बायको, बहीण किंवा वहिनी असू शकते; मुलांपैकी एखादं पुतणं. नातं तिथे लिहिलेलंच नाही, ते दुसऱ्या कागदावरून आणायचं.

तपासणी: एका माणसाचं वय निदान तीन जनगणनांतून काढा. दोन-चार वर्षांचा फरक नेहमीचा. दहा वर्षांचा फरक म्हणजे माणूस दुसरा.

जन्म-मृत्यूच्या सरकारी दाखल्यांवर फार विसंबू नका. न्यू इंग्लंडच्या (मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या ईशान्येकडच्या राज्यांच्या) गावांत सतराव्या शतकापासूनच्या नोंदी आहेत, पण पेनसिल्व्हेनियात राज्यभरची नोंद १९०६ मध्ये आणि केंटकीत १९११ मध्ये स्थिरावली. त्यातही मृत्यूच्या दाखल्यावरचं आईवडिलांचं नाव शोकात असलेल्या जावयानं सांगितलेलं असतं.

टप्पा ४. नाव बाजूला ठेवा, काउंटी पकडा

सगळ्यांत जास्त वेळ इथे वाया जातो. कागद काउंटीच्या कचेरीत असतात आणि काउंट्या सतत फुटत होत्या. माणूस घरातून हललाही नाही तरी त्याचे कागद तीन कचेऱ्यांत विखुरलेले असू शकतात.

लिंकनच्या खापरपणजोबांचं, मॉर्डकाय लिंकनचं, घर आज बर्क्स काउंटीत आहे. ते १७३६ मध्ये वारले आणि बर्क्स काउंटी १७५२ मध्ये झाली. त्यांचे कागद बर्क्समध्ये शोधणारा रिकाम्या हातानं परततो. पुढची पिढी व्हर्जिनियात लिनव्हिल क्रीकला गेली. तो भाग तेव्हा ऑगस्टा काउंटीत होता, रॉकिंगहॅम १७७८ पासून. केंटकी १७९२ पर्यंत व्हर्जिनियाचाच भाग, म्हणून तिथल्या सुरुवातीच्या जमिनींची सनद व्हर्जिनियाच्या नावानं. खुद्द लिंकन १८०९ मध्ये हार्डिन काउंटीत जन्मला. ती जागा १८४३ पासून लारू काउंटीत मोडते.

शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीनं काउंट्यांच्या जुन्या हद्दींचा नकाशासंग्रह मोफत उपलब्ध केला आहे. प्रत्येक पिढीसाठी तक्ता करा: वर्ष, जागा, त्या वर्षी ती जागा कोणत्या काउंटीत, त्या काउंटीचे कागद आज कुठे. कचेरी जळाली असेल (दक्षिणेत हे फार आढळतं) तर शेजारची काउंटी, राज्याचे करपट आणि राज्याची जमीन-सनद यांकडे वळा.

सावधान: लग्नाची नोंद बहुधा मुलीच्या काउंटीत असते. लिंकनचे आईवडील टॉमस लिंकन आणि नॅन्सी हँक्स यांचं लग्न हार्डिन काउंटीच्या दप्तरात सापडेना, आणि त्यावरून नको त्या वावड्या उठल्या. कागद वॉशिंग्टन काउंटीत होता: लग्नाआधी द्यायचं १० जून १८०६ चं जामीनपत्र, १२ जूनचं लग्न. जामीनपत्रावर नवऱ्यामुलाबरोबर सही करणारा बऱ्याचदा मुलीचा नातलग किंवा पालक असतो. तिथे रिचर्ड बेरी हे नाव आहे. जामीनदार कोण, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. माहेरची वाट तिथूनच निघते.

टप्पा ५. १८५० च्या मागे: वारसाहक्क आणि जमीन

खरं काम इथे आहे, आणि बहुतेक लोक इथेच दुसऱ्याची तयार वंशावळ उचलतात.

*वारसाहक्काचं दप्तर.* फक्त मृत्युपत्र काढून थांबू नका. अख्खी फाईल मागा: जामीनपत्र, मालमत्तेची यादी, हिशेब, वाटणीपत्र, अज्ञान मुलांच्या पालकत्वाचे आदेश. मृत्युपत्रात नसलेली मुलं वाटणीपत्रात आणि हिशेबात सापडतात. विवाहित मुलींच्या नवऱ्यांची नावंही तिथेच. ज्या मुलाला आधीच जमीन दिली त्याचं नाव मृत्युपत्रात नसतं किंवा त्याला एक शिलिंग लिहिलेला असतो. त्यावरून ‘बापानं घराबाहेर काढलं’ अशी कथा रचू नका, आधी त्या मुलाच्या नावावरचं खरेदीखत शोधा.

वारसाहक्काचा कायदा त्या राज्याचा आणि त्या वर्षाचा वाचा. व्हर्जिनियात मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाला जाई. ते रद्द करणारा कायदा १७८५ मध्ये संमत झाला, पण अमलात आला १ जानेवारी १७८७ पासून. लिंकनचे आजोबा कॅप्टन अब्राहम लिंकन मे १७८६ मध्ये मारले गेले, म्हणून जमीन थोरल्या मुलाला, मॉर्डकायला (खापरपणजोबांचंच नाव, माणूस वेगळा) मिळाली आणि धाकटा टॉमस रिकामा राहिला. हा कायदा ठाऊक नसलेला माणूस जमिनीच्या कागदात टॉमसचं नाव नाही म्हणून त्याला त्या घरातूनच वगळेल. मॅसॅच्युसेट्समध्ये रीत वेगळी: सगळ्या मुलांना वाटा, थोरल्याला दुप्पट.

*जमिनीचे कागद.* विकणाऱ्यांची सूची आणि घेणाऱ्यांची सूची अशा दोन वेगळ्या वह्या असतात, दोन्ही पाहा. या क्रमानं वाचा:

१. माणसानं घेतलेला प्रत्येक तुकडा आणि विकलेला प्रत्येक तुकडा यांची जोडी लावा. घेतल्याचा कागद नसताना विकला असेल तर ती जमीन वारसानं किंवा बायकोकडून आली. हा धागा सोन्यासारखा आहे.
२. विक्रीच्या वेळी बायकोनं आपला हक्क सोडल्याची नोंद असते का पाहा. तिचं पहिलं नाव आणि ती त्या तारखेला हयात होती, हे दोन्ही मिळतं.
३. बाप वारल्यावर सगळे भाऊबहीण मिळून जमीन विकतात. त्या एका खतात अख्खं घर येतं, दूर गेलेली भावंडं त्यांच्या नव्या काउंटीसकट.
४. साक्षीदार आणि शेजारी टिपून ठेवा. माणसं एकटी सरकत नसत. मेहुणे, व्याही, चर्चमधले लोक बरोबर जात. आपला माणूस सापडेना, तर त्याच्या शेजाऱ्याचा माग काढा.

मापं: जुन्या वसाहतींत झाड, दगड, ओढा अशा खुणांवरून हद्द लिहीत आणि अंतर पोलमध्ये देत. एक पोल साडेसोळा फूट, ३२० पोल म्हणजे एक मैल, १६० चौरस पोल म्हणजे एक एकर. कागदावर हद्द काढून शेजारच्या तुकड्यांशी जोडून पाहिली की एकाच नावाचे दोन जण वेगळे करता येतात. ओहायोपासून पश्चिमेकडे बहुतेक ठिकाणी संघ सरकारची चौकोनी मोजणी आहे: सहा मैल बाजूच्या टाउनशिपमध्ये ३६ सेक्शन, प्रत्येकी ६४० एकर. तिथल्या पहिल्या सनदा संघ सरकारच्या भूमी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात.

*करपट.* कंटाळवाणे म्हणून कोणी पाहत नाही. व्हर्जिनियात सोळा वर्षांवरचे मुलगे बापाच्या नावाखाली मोजले जात. एखाद्या वर्षी संख्या एकानं वाढली आणि पाच-सहा वर्षांनी नवं नाव स्वतंत्रपणे आलं, तर त्या मुलाचं जन्मसाल दोन-तीन वर्षांच्या अंतरात पकडता येतं.

या दप्तरांत गुलाम केलेली माणसं गुराढोरांशेजारी, मालमत्ता म्हणून लिहिलेली सापडतील. ती नावं गाळू नका. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या तक्त्यांत मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि वर्ण आहे. त्यांतल्या बहुतेकांचं नाव जनगणनेत येतं ते थेट १८७० मध्ये. त्यांच्या वंशजांना मागचा दुवा मिळायचा तो अशाच एखाद्या मालमत्तेच्या यादीतून. नाव, वर्ष, काउंटी आणि पान क्रमांक अशी वेगळी यादी करा आणि आपल्या वंशावळीबरोबर खुली ठेवा.

टप्पा ६. स्वातंत्र्ययुद्धाचं निवृत्तिवेतन

१७५५ ते १७६५ च्या सुमारास जन्मलेला प्रत्येक पुरुष इथे तपासा. १८१८ चा कायदा गरजू सैनिकांसाठी होता, १८३२ चा जास्त व्यापक, १८३६ पासून विधवांनाही वाव मिळाला. १८३२ च्या अर्जात जन्म कुठे, युद्धानंतर कुठेकुठे राहिलो, हे सैनिक शपथेवर सांगतो. विधवेला लग्न सिद्ध करावं लागे, म्हणून कित्येकींनी बायबलमधली पानं फाडून अर्जाला जोडली. ती आजही फायलीत आहेत. युद्धखात्याच्या कचेरीला १८०० मध्ये लागलेल्या आगीत आधीचे अर्ज जळाले, तेव्हा त्यापूर्वीचा अर्ज मिळाला नाही म्हणून माणूस लढलाच नाही असं म्हणू नका. नाकारलेला अर्जही काढा. पुरावा कमी पडला की माणूस जास्त लिहितो.

टप्पा ७. तारखा: १७५२ च्या आधीचं वर्ष

इंग्रजी वसाहतींत १७५२ पर्यंत वर्ष २५ मार्चला सुरू होई. १ जानेवारी ते २४ मार्चमधल्या तारखांना म्हणून दोन सालं लिहीत: जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म ११ फेब्रुवारी १७३१/३२, नव्या पद्धतीनं २२ फेब्रुवारी १७३२. सप्टेंबर १७५२ मध्ये २ तारखेनंतर थेट १४ आली.

व्यवहारात चूक अशी होते: लग्न एप्रिल १७२० चं, पहिल्या मुलाचा जन्म ‘फेब्रुवारी १७२०’. उतरवून घेणारा म्हणतो, मूल लग्नाआधीचं. प्रत्यक्षात ते दहा महिन्यांनंतरचं आहे. क्वेकर (एका ख्रिस्ती पंथाचे) लोक महिन्यांना आकडे देत आणि १७५२ पूर्वी त्यांचा ‘पहिला महिना’ मार्च. ‘अकरावा महिना’ म्हणजे जानेवारी. मूळ लिखाण जसंच्या तसं उतरवा आणि आपला अर्थ शेजारी वेगळा लिहा. थेट बदललेली तारीख पुढचा माणूस पुन्हा बदलतो.

हस्ताक्षराचंही तसंच. मोडी वाचायला बसलेल्याला ही अडचण नवी नाही: आधी एकाच कारकुनाची चार पानं वाचून त्याची अक्षरं ओळखा. लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो, जॉनचं संक्षिप्त रूप जोनाथनसारखं भासतं.

टप्पा ८. समुद्र ओलांडणं

हा टप्पा शेवटचा, आणि घाई सगळ्यांना इथेच. संघ सरकारच्या प्रवासी याद्या १८२० पासून आहेत. त्याआधीच्या फारच थोड्या टिकल्या. न्यूयॉर्कचं एलिस बेट हे स्थलांतरितांचं तपासणी केंद्र १८९२ चं, सतराव्या शतकातल्या माणसाशी त्याचा संबंध नाही. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनांसाठी १७२७ पासूनच्या राजनिष्ठेच्या शपथनोंदी मात्र उपयोगी.

इंग्लंडहून वसाहतकारांना घेऊन आलेल्या मेफ्लॉवर जहाजावर १६२० मध्ये १०२ प्रवासी होते आणि निम्मे पहिल्याच हिवाळ्यात गेले. त्या वंशाचा दावा असेल तर मेफ्लॉवर सोसायटीनं छापलेल्या पहिल्या पाच पिढ्यांच्या खंडांत बसतो का पाहा. न्यू इंग्लंडच्या बाकी घराण्यांसाठी १८४५ मध्ये स्थापन झालेल्या बोस्टनच्या वंशावळ संस्थेचा संग्रह. चर्चचे आणि काउंट्यांचे बहुतेक स्कॅन फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. तिथे नावाच्या शोधावर थांबू नका, जागेनुसार सूची उघडा. खरेदीखतं आणि वारसा-दप्तरांतला हस्तलिखित मजकूर शोधण्याची सोयही आता तिथे आहे. साक्षीदार म्हणून आलेली नावं तीतून वर येतात.

इंग्लंडमधलं गाव जोडताना सर्वांत कडक व्हा. न्यू इंग्लंडच्या लिंकनांशी नातं लावायचा प्रयत्न अब्राहम लिंकनच्या हयातीत मॉर्डकाय, सॉलोमन अशा नावांच्या साम्यापलीकडे गेला नव्हता. पुढे दुवे कागदांवरून जुळले आणि वाट १६३७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगमला आलेल्या सॅम्युएल लिंकनपर्यंत गेली. नावांचं साम्य ही शोधाची दिशा, पुरावा नव्हे.

सावधान: जुने छापील वंशग्रंथ कुलवृत्तांताइतक्या विश्वासानं वाचू नका. गुस्ताव आन्जू नावाच्या माणसानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीमंत अमेरिकन घराण्यांना बनावट वंशावळी रचून विकल्या. त्या आजही उतरवल्या जातात. सरदार घराणं आणि कुलचिन्ह फुकटात हाती आलं की थांबा.

टप्पा ९. डीएनए चाचणी कुठे कामाची

नेहमीच्या चाचणीत प्रत्येक पिढीमागे वाटा सरासरी निम्मा होतो: पणजोबांचा साडेबारा टक्के, खापरपणजोबांचा सव्वासहा. आठ-दहा पिढ्यांपूर्वीच्या एखाद्या पूर्वजाचा अंश मुळीच नसणंही शक्य आहे. सतराव्या शतकासाठी वाय-गुणसूत्राची चाचणी घ्या. ती बाप-मुलगा अशी सरळ जाते, आडनावाबरोबर. आईकडून आईकडे जायचं असेल तर मायटोकॉन्ड्रियाची. दोन्ही ‘हे दोघे एका वंशाचे’ एवढंच सांगतात. कोण कोणाचा बाप, हे सांगत नाहीत.

टप्पा १०. प्रत्येक दुव्याची परीक्षा

तक्त्यात नाव चढवण्याआधी प्रत्येक बाप-लेकाच्या जोडीसाठी पाच-सात ओळींचा परिच्छेद लिहा आणि त्यात ही उत्तरं द्या:

- नातं सांगणारा कागद कोणता, कोणत्या वर्षीचा, लिहिणाऱ्याला ते कसं ठाऊक?
- मूळ पान पाहिलं की कोणी काढलेली नक्कल?
- त्याच काउंटीत त्याच नावाचे आणखी किती जण होते आणि ते का नाहीत?
- आईचं वय बाळंतपणाच्या वर्षांशी जुळतं का? पंचेचाळिशीनंतरचं मूल असेल तर दुसरी बायको शोधा.
- उलटा पुरावा कोणता, आणि तो का टिकत नाही?

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर दुवा कच्चा आहे. तक्त्यात तुटक रेघ मारा, वर ‘संभाव्य’ लिहा आणि त्या माणसाच्या मागे एकही नाव चढवू नका. कोणत्या काउंटीच्या कोणत्या वह्या, कोणत्या वर्षापर्यंत पाहून झाल्या ते त्याच पानावर नोंदवा, म्हणजे नातवंडांपैकी कोणी हे काम हाती घेतलं तर त्याला त्या पुढच्या पानापासून सुरुवात करता येईल.